वसंतामामाची दारू आणि माझी हुशारी

वसंतामामाच्या तोंडाला सांबाराचा वास आला, की मामी हातातलं काम खाली ठेवायची आणि माझ्याकडे पाहायची. सांबार म्हणजे कोथिंबीर. हे सांगावं लागतं, कारण माझी सून पुण्याची आहे आणि लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिला सांबार निवडायला सांगितला, तर ती बिचारी इडल्या कुठे आहेत म्हणून शोधत बसली. तर वसंतामामा दारू पिऊन आला, की वास मारायला मूठभर कच्चा सांबार काड्यांसकट चावून यायचा. लवंग, वेलदोडा, बडीशेप हे सगळे उपाय मामीने केव्हाच ओळखून ठेवले होते, म्हणून त्याने हा नवा शोध लावला होता. शोध वाईट नव्हता. फक्त दातांत हिरवी पानं अडकवून घरात शिरणारा आणि आल्या आल्या हवापाण्यावर बोलायला लागणारा माणूस निर्दोष दिसत नाही, एवढंच त्याच्या ध्यानात येत नसे.

मी दहावी झाल्यावर अकोल्याला मामाकडे राहायला आले. आमचं गाव तिवस्याच्या जवळ, घरी फुलांचा आणि भाज्यांचा मळा. गावात अकरावी नव्हती आणि मला सायन्सच घ्यायचं होतं, कारण वर्गातल्या दुसऱ्या हुशार मुलीने ते घेतलं होतं. आईला हा एकच भाऊ. तिने मला अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीत बसवलं, पिशवीत तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके बांधून दिले आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून दोन गोष्टी सांगितल्या: अभ्यास कर, आणि मामावर लक्ष ठेव. पहिली गोष्ट मी बेताबेताने केली. दुसरी मात्र अशी मनापासून केली, की आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

मामाचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि पडवीत बारा महिने ओली पोती. पोत्यांत झेंडू, शेवंती, गुलछडी. सकाळी जाग यायची ती फुलांचे गठ्ठे दाणकन जमिनीवर पडल्याच्या आवाजाने, मग पाणी शिंपडल्याचा आवाज, मग मामीचा. मामी, तिचं नाव सुधा, अंगाने काडी आणि आवाजाने ढोल. ती पहाटे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची, त्यांच्यासोबत तव्यावर चेचलेला मिरचीचा ठेचा, आणि गुरुवारी हमखास फुणके-कढी. शिजणाऱ्या तुरीच्या डाळीचा वास आणि गुलछडीचा वास त्या दोन खोल्यांत एकत्र फिरायचे. अजूनही कोणाच्या लग्नात गुलछडीचा हार गळ्याशी आला, की मला भूक लागते. लोकांना वाटतं, ही बाई देवभोळी आहे, डोळे मिटून उभी राहिली. मी कढी आठवत असते.

मामा-मामींना मूल नव्हतं, त्यामुळे मी गेले आणि घरात एकदम राजकन्या झाले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. वसंतामामा रोज सकाळी दुकानात जाण्याआधी माझ्या पाया पडायचा, मी तोंडात ब्रश घेऊन उभी असले तरी. अकोल्यात त्याच्यासारखा हार ओवणारा दुसरा नव्हता, असं तो स्वतः सांगायचा आणि दुर्दैवाने ते खरं होतं. नवरदेवाचा हार पाहायला म्हणून लोक देवळाजवळच्या आमच्या टपरीपाशी थांबायचे. बोलणं असं, की कोमेजलेली शेवंती घेऊन गेलेलं गिऱ्हाईकही दुसऱ्या दिवशी हसत परत यायचं. हा माणूस दारुडा आहे, असं कोणी मला नुसतं सांगितलं असतं, तर माझा विश्वास बसला नसता. माझ्या कल्पनेतला दारुडा गटारीत पडलेला, फाटक्या बनियनमधला होता. हा तर इस्त्रीचा शर्ट घालणारा, मला गणिताची वही आणून देणारा, गणपतीच्या हाराला सुगंधी पाणी शिंपडणारा माणूस होता.

पण सकाळी त्याचे हात थरथरायचे. मी सुरुवातीला समजायची, पावसाळी गारठ्याने. मग उघडीप होऊन ऊन पडलं तरी थरथरायचे, तेव्हा समजायची, अशक्तपणाने. सुईत दोरा घालायचं काम त्याने माझ्याकडे दिलं, वर सांगितलं, "भाचीच्या हातचा दोरा शुभ असते." दहा मिनिटं फुलांकडे बघत बसायचा, मग काहीतरी विसरलं म्हणून मागच्या बाजूला जायचा, आणि परत यायचा तो सरळ हातांनी. झपाझप ओवायचा, गाणंही म्हणायचा. मागच्या बाजूला जाऊन हा कोणता देव पुजतो, हे मला कळायला दोन महिने लागले. कळलं तेव्हा मी मामीला अगदी विजयाने जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "आता समजलं तुले? मंग लाग कामाले."

अशी माझी नेमणूक झाली. काम एकच, मामाच्या बाटल्या शोधणं. सांगायला लाज वाटते, पण त्या कामात मला फार मजा यायची. मामाची लपवण्याची अक्कल आणि माझी शोधण्याची अक्कल, दोघांची रोज परीक्षा. गुलाबपाण्याच्या बरणीत सापडली, छपराच्या पन्हळीत सापडली, गच्चीवरच्या टाकीत दोरीने सोडलेली सापडली, थंडगार. एकदा झेंडूच्या पोत्यात हात घातला आणि फुलांच्या खाली काचेचा गळा लागला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. मामा शेजारी उभा होता. तोही हसला. म्हणाला, "पोरगी पोलिसात जाते बाप्पा." मग मामीने ती बाटली मोरीत ओतली, मामाने मान खाली घातली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. हा खेळ आहे, असं मला तेव्हा खरंच वाटायचं. मी जितकी हुशार होत गेले, तितका तो जास्त हुशार होत गेला, आणि पिणं काही थेंबभरही कमी झालं नाही. हे साधं गणित सायन्सच्या विद्यार्थिनीच्या लक्षात आलं नाही.

मामीचे स्वतःचे उपाय वेगळे चालत. तिने उपास केले, मामाच्या गळ्यात तुळशीची माळ घातली (ती त्याने स्वतःच जास्त सुबक ओवून घेतली), आणि एकदा कुठल्याशा जाहिरातीतली एक पुडी मागवली. ही पुडी पिणाऱ्याच्या नकळत जेवणात कालवायची, की त्याला दारूची शिसारी येते, असं वर छापलं होतं. गुरुवार होता. मामीने मामाच्या कढीत अर्धी पुडी कालवली आणि देवापुढे हात जोडून उभी राहिली. मामाला त्या दिवशी भूक नव्हती. त्याने प्रेमाने आपली वाटी माझ्यापुढे सरकवली, म्हणाला, वाढत्या वयाची पोर आहे, खाऊ दे. मी दुसरा दिवस अख्खा मोरीपाशी काढला. मामी माझी पाठ चोळत रडत होती आणि खरं कारण सांगू शकत नव्हती. मामा घाबरून तीनदा लिंबू आणायला धावला, आणि प्रत्येक खेपेला थोडी घेऊन आला. दारूची शिसारी मला आजतागायत आहे, तेवढा पुडीचा गुण मानावा लागेल.

आता त्या दिवसाकडे येते. अकरावीत माझा वर्गात पहिला नंबर आला. मामाने गल्लीत पेढे वाटले, शेजारच्या भाजीवाल्या बाया, टपरीवरचे लोक पडवीत जमले, आणि सगळ्यांसमोर त्याने मला विचारलं, काय पाहिजे ते माग. घड्याळ माग, सायकल माग. मी पंधरा दिवसांपासून हे वाक्य तयार करून ठेवलं होतं. पदर असता तर खोचला असता. म्हणाले, "मले घड्याळ नको. तुमी दारू सोडा." मामा खाली वाकला, माझ्या पायांवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "सोडली. तुह्या पायाची शपथ, आजपासून एक थेंब नाई." बायांनी डोळे पुसले. एका आजीने माझी दृष्ट काढली. मी त्या क्षणी स्वतःला एखादी संतीण समजत होते, हे कबूल करते. जे मामीला अकरा वर्षांत जमलं नाही, ते मी एका वाक्यात केलं होतं. माझा हिशेब सरळ होता: मामाचं माझ्यावर प्रेम आहे, दारूपेक्षा जास्त आहे, म्हणजे झालं. त्याच संध्याकाळी मी मला माहीत असलेल्या सगळ्या जागा रिकाम्या केल्या. पन्हळ, टाकी, पोती. मामाने आपण होऊन आणखी दोन जागा दाखवल्या, ज्या मला कधीच सापडल्या नसत्या. मला त्याचा तेव्हाही थोडा रागच आला.

पहिल्या दिवशी मामाला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी घाम सुटला, जेवण जाईना, हातच काय, जीभही थरथरायला लागली. मामी म्हणाली, अंगातली दारू निघून राहिली आहे, निघू दे. मीही मान डोलावली, जणू मला यातलं शास्त्र कळत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पडवीत लग्नाच्या हारांना बसलो होतो. मामा एकदम म्हणाला, झेंडूत मुंग्या झाल्या. मी पाहिलं, मुंग्या नव्हत्या. मामीने पोतं उलटं केलं, झटकलं, कुठेच काही नाही. "अवो, कुठे आहेत मुंग्या?" मामा आपल्या हातावरून, मांडीवरून मुंग्या झटकत राहिला आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या फुलं चाळत राहिलो. मला तर हसू यायला लागलं होतं. वाटलं, मामाचं नाटक, शपथेतून सुटायची नवीन युक्ती. मी तसं बोललेही. म्हणाले, "मामा, मी नाही फसत." त्याने माझ्याकडे पाहिलं, पण मी त्याला दिसत नव्हते. मग त्याची मान मागे गेली, अंग ताठ झालं, आणि तो फुलांवर आडवा पडून थडाथड उडायला लागला.

मामीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडलेला पाहिला. कोणी म्हणालं, कांदा हुंगवा, कोणी म्हणालं, बाहेरचं आहे, पुलापलीकडच्या भगताला बोलवा. आमच्या गल्लीत एक सिस्टर राहायच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. ड्यूटीवरून नुकत्याच आल्या होत्या, तशाच धावत आल्या. त्यांनी मामाला कुशीवर वळवलं, सगळ्यांना मागे सारलं आणि मामीला विचारलं, यांनी दारू कधी सोडली. तीन दिवस झाले, मामी म्हणाली. "एकदम? कोणाच्या सांगण्यावरून?"

मी म्हणाले, "माझ्या."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बेटा, बरसोबरसची दारू अशी एका झटक्यात नाही तोडत. माणूस जातो. रिक्षा बोलव." मी रिक्षा आणायला धावले ती चप्पल न घालता. त्या वेळी डोक्यात एकच वाक्य होतं, की मी मामाला मारलं.

मामा गेला नाही. दवाखान्यात आठ दिवस राहिला. पहिले तीन दिवस त्याचे हात पलंगाला कापडाने बांधून ठेवावे लागले. त्याला छतावरून फुलं पडताना दिसत होती आणि ती तो वेचत होता. एका तरुण डॉक्टराला त्याने नवरदेव समजून हाराचा भाव सांगितला, आणि डॉक्टर भला माणूस, तो म्हणाला, थोडा कमी करा. मामाने केला. मला तो माझ्या आईच्या नावाने हाक मारायचा आणि विचारायचा, बाबा मळ्यातून आले का. माझे आजोबा जाऊन वीस वर्षं झाली होती. मी म्हणायची, येतीलच. एवढं खोटं बोलायला मी त्या आठवड्यात शिकले, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तिथून त्याला महिनाभर अमरावतीला एका केंद्रात ठेवलं. केंद्र म्हणजे एक जुना बंगला, बाहेर कडुनिंब, आत वीस खाटा. रविवारी घरच्यांना यायला मुभा होती. आई गावाकडून यायची, मी आणि मामी अकोल्याहून. पहिल्या रविवारी तिथल्या डॉक्टरांनी आम्हा तिघींना निंबाखालच्या बाकावर बसवलं. बुटके, टक्कल पडलेले, आमच्याच भागातल्या शेतकऱ्याचं पोर. मामीने त्यांना थेट विचारलं, यांना दारू सोडायची इच्छाच नाही का? डॉक्टर म्हणाले, इच्छा आहे, पण इच्छा जिथून चालते तो मेंदूच आजारी आहे. मग त्यांनी सावकाश सांगितलं. मेंदूत एक जागा असते. काही चांगलं झालं, पोटभर जेवलो, लेकरू हसलं, की ती जागा नोंद घेते, की हे पुन्हा कर. दारू त्या जागेला इतक्या जोरात हलवते, की हळूहळू तिला जेवण, लेकरू, बायको यांचं काही ऐकूच येत नाही. आणि "थांब" म्हणणारा जो दुसरा भाग असतो, तो त्याच दारूने लुळा पडत जातो. मामा मूर्ख नाही, नालायक नाही, आणि त्याचं तुमच्यावरचं प्रेमही खोटं नाही, ते म्हणाले. त्या प्रेमाचा आवाज तिथपर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

मी विचारलं, मग तो पडला कशाने? ते म्हणाले, दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदू वर्षानुवर्षं त्या दाबाविरुद्ध रेटत राहतो, जसं कोणी बाहेरून दार ढकलत असेल तर तुम्ही आतून खांदा लावता. बाहेरचा माणूस एकदम बाजूला झाला, तर तुम्ही कुठे पडाल? मी म्हणाले, तोंडावर. "तेच झालं. म्हणून औषधं देऊन हळूहळू उतरवावं लागतं. तुझी चूक नाही, तुला कोणी सांगितलंच नव्हतं." हे ऐकून मला जे रडू फुटलं, ते आवरेना. आईने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांना फुणका देऊ केला.

मामीचं समाधान झालं नव्हतं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "म्हणजे आजार आहे म्हणून याले सगळं माफ? शुगरवाला माणूस गुलाबजाम चोरून खाते, त आपण त्याची आरती करतो का?" डॉक्टर मोठ्याने हसले. म्हणाले, आरती नका करू. आजार झाला ही त्याची चूक नाही, पण औषध घेणं, इथे येत राहणं, हे त्याचंच काम. आणि तुमचं काम, बाटल्या शोधणं बंद करणं. मामीने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. दोघींची नोकरी एकाच वेळी गेली होती.

त्याच दिवशी परत निघताना मामा मला फाटकापर्यंत सोडायला आला. बारीक झाला होता, डोळे मात्र त्याचे स्वतःचे होते. मी शपथेचं काहीच बोलणार नव्हते. तोच बोलला. "कुंदे, तुह्या पायावर हात ठेवून बोललो ना, तवा मी खोटं नव्हतो बोलून राहिलो. सुधेले दरवेळी म्हणत होतो ते पण खोटं नव्हतं. दरवेळी खरंच वाटे, का आता सोडली." अकोल्याच्या गाडीत मी आणि मामी तीन तास शेजारी बसलो, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मामी खिडकीबाहेर पाहत होती. मग एकदम म्हणाली, "अकरा वर्षं मले वाटे, हा मले फसवून राहिला." बस, एवढंच.

मामा घरी आला, आणि खरं सांगू, सुरुवातीला दारू पिणारा मामाच बरा होता असं वाटायचं. हा नवा मामा चिडका, गप्प, संध्याकाळ झाली की पिंजऱ्यातल्यासारखा पडवीत येरझाऱ्या घालणारा. जिलबी मात्र परातभर खायचा. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मेंदूला सावरायला महिने लागतात, तोवर त्याला कशातच गोडी वाटणार नाही, घाई करू नका. अकोल्यातल्या जठारपेठेत दर गुरुवारी अशाच माणसांची बैठक भरायची, एका शाळेच्या खोलीत. मामा तिथे जायचा आणि तोंड वाकडं करून परत यायचा. म्हणायचा, एक रिटायर मास्तर आहे, तो एकच गोष्ट दर गुरुवारी सांगते. पण जायचा. बाटल्या शोधायच्या नाहीत, हा नियम माझ्यापेक्षा मामीला जड गेला. तिचा हात सवयीने पोत्यात जायचा, आणि मी खाकरले की ती उगाच दोन फुलं बाहेर काढून वास घ्यायची. मामा आला की ती दारात उभी राहून खोल श्वास घ्यायची. एकदा मामा म्हणाला, "सुधे, नाक लाव ना जवळ, लाजते काहून?" आणि ती लाजलीच. चौथ्या महिन्यात एक दिवस मामा हार ओवताना गुणगुणला. आम्ही दोघी आपापल्या जागी थांबून राहिलो.

इथेच मी हे प्रकरण संपवलं, तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. माझ्या नातीला मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगायची, तर एकदा तिने मोबाइलवरून मान वर करून विचारलं, मग पुन्हा कधीच नाही प्यायला? पोरं हुशार झाली आहेत. प्यायला. एकूण तीनदा पुन्हा प्यायला, आणि मग नाही प्यायला ते मरेपर्यंत, आणि मेला तोही म्हातारपणाने, पोटभर जेवून, दुपारच्या झोपेत. पण मला त्या तीनपैकी पहिली वेळ सांगायची आहे.

बारावीची परीक्षा जवळ आली होती. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला निघाले, तर कॉलेजच्या फाटकाशी मामा उभा. इस्त्रीचा शर्ट, पण गुंडी एक सोडून लावलेली. भर दुपारचं ऊन. मला वाटलं, मामीला काही झालं. तो जवळ आला, आणि मला वास आला. सांबाराचा नाही, सरळ दारूचा. त्याने तोंड झाकलं नाही.

"काल घेतली," तो म्हणाला. "आज सकाळी पण घेतली. बाटली हातात धरून जागा पाहत होतो, कुठे ठेवू. मंग म्हटलं, पहिले कुंदेले सांगतो."

आठ-नऊ महिन्यांचं सगळं, ते बांधलेले हात, तो कडुनिंबाखालचा बाक, तो रेटलेला एकेक दिवस, सगळं एका वासात वाया गेलं असं वाटलं. तोंडात "काहून?" आलं होतं. आणखी पुष्कळ काही आलं होतं, त्यातलं एक वाक्य फार वाईट होतं. पण तो उभा होता, आणि कोणीही त्याला पकडून आणलेलं नव्हतं. मी विचारलं, "जेवले का?" तो नाही म्हणाला. मी प्रॅक्टिकलला गेले नाही. आम्ही चालत जठारपेठेत गेलो, गुरुवार नव्हता, पण तो एकच गोष्ट सांगणारा मास्तर तिथेच जवळ राहायचा. त्याने दार उघडलं, मामाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माझी अशी चार वेळा झाली. या, बसा." त्याने अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावला, काय करायचं, काय नाही, कोणती गोळी चालेल, उद्या कुठल्या गाडीने यायचं, सगळं लिहून घेतलं. मामाने त्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. उरलेली बाटली त्याने मास्तरांच्या हातात दिली.

मामीला मात्र घरी जाऊनच सांगावं लागणार होतं, आणि त्याची आम्हा दोघांनाही भीती वाटत होती. मोर्णेच्या पुलावर मामाची चाल दोनदा मंदावली. घरी पोहोचलो तेव्हा मामी पडवीत शेवंती निवडत बसली होती. तिने नाक उचलायच्या आत मामा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मला सांगितलं होतं तेच तिला सांगितलं, त्याच शब्दांत. मामीने हातातली शेवंती मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू पकडलं?"

"नाही. मामा आपण होऊन आले. कॉलेजात."

"कोणीच नाई पकडलं?"

"कोणीच नाही."

मामीने मांडीवरची शेवंती बाजूला केली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फीट आली तेव्हाही ती रडली नव्हती, अमरावतीलाही नाही. ते तिने पुसलं नाही, आत गेली, तिघांची ताटं वाढून आणली आणि पडवीतच ठेवली. आजवर ती मामाचं झाल्यावर जेवायची. त्या दुपारी ती आमच्याबरोबर बसली, त्याच्या ताटात भाकर मोडून दिली आणि म्हणाली, "खा आता. उद्या सकाळच्या गाडीले जायचं आहे. मीही येतो."